विश्रुतचरित आणि वत्सगुल्माचा राजदरबार

दण्डीच्या दशकुमारचरिताचा आठवा उच्छ्वास विश्रुतचरित या नांवानें प्रसिद्ध आहे. या उच्छ्वासांत वाकाटक वंशाच्या अस्ताची हकीकत गोंविलेली आहे, हें मत गेल्या ऐंशी वर्षांत इतकें रूढ झालें आहे कीं, विदर्भाच्या इतिहासावरील लेखनांत तें पुष्कळदां मत म्हणून न येतां घडलेली गोष्ट म्हणूनच येतें. हरिषेणामागें त्याचा विलासी पुत्र गादीवर बसला. अश्मकाच्या राजानें कपटानें त्याचे मांडलिक फोडले. नर्मदेच्या तीरीं तो मारला गेला आणि साम्राज्य बुडालें, असें सरळ निवेदन केलें जातें. या निवेदनांतील एकाहि वाक्यास वाकाटकांच्या ताम्रपटाचा किंवा शिलालेखाचा प्रत्यक्ष आधार नाहीं. सगळा भार एका गद्यकाव्यावर आहे, आणि तें काव्य हरिषेणानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं, कांचीच्या पल्लवांच्या आश्रयास राहिलेल्या कवीनें लिहिलेलें आहे. हा भार त्यास कितपत पेलतो हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचा यवतमाळ जिल्हा प्राचीन वत्सगुल्माच्या, म्हणजे हल्लींच्या वाशिमच्या, शेजारचा. दारव्हा, दिग्रस, पुसद या बाजूच्या लोकांस वाशिम परकें नाहीं; पैनगंगा तिकडूनच आमच्याकडे येते. वत्सगुल्माच्या राजांविषयीं इकडील संग्राहकांस जी आस्था वाटते ती त्यामुळें स्वाभाविक आहे. पण आस्था असली म्हणजे परीक्षा सैल होते, असाहि अनुभव आहे.

या मताची सविस्तर मांडणी महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं १९४५ सालीं केली. पुढें ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ या १९५७ च्या ग्रंथांत आणि वाकाटकांच्या कोरीव लेखांच्या १९६३ च्या संग्रहांत त्यांनीं तेंच प्रतिपादन कायम ठेविलें. मिराशींच्या अधिकाराविषयीं दोन मतें असूं शकत नाहींत. वत्सगुल्माची स्वतंत्र शाखा होती ही गोष्टच मुळीं १९३९ सालीं उजेडांत आलेल्या वाशिमच्या ताम्रपटामुळें निश्चित झाली. त्या ताम्रपटाची पहिली वार्ता विद्वानांस देण्यांत यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांचा वाटा होता, हें येथें नमूद करणें अस्थानीं होणार नाहीं. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील झिजलेल्या लेखांत बूलर यांनीं जेथें रुद्रसेन असें वाचलें होतें तेथें खरें नांव सर्वसेन असलें पाहिजे, हें मिराशींनीं या ताम्रपटाच्या साह्यानें दाखविलें आणि सगळी वंशावळ जागेवर बसविली. हें काम अक्षरावर बोट ठेवून केलेलें आहे. विश्रुतचरिताचा उपयोग करतांना मात्र तीच लेखणी अक्षर सोडून कथानकाच्या मागें गेली, असें आमचें नम्र मत आहे. पुढें वॉल्टर स्पिंक यांनीं तर या कथानकावर अजिंठ्याच्या लेण्यांचा वर्षावर्षाचा कालक्रम रचला. अमुक लेण्याचें काम अमुक वर्षीं कां थांबलें याचें उत्तर दण्डीच्या कथेंतून काढलें. पायाच्या दगडाविषयीं शंका असतां वर मजले चढवावे तसें हें झालें आहे.

कथा थोडक्यांत अशी. विदर्भांत भोजवंशांतील पुण्यवर्मा नांवाचा धर्मिष्ठ राजा होऊन गेला. त्याचा पुत्र अनन्तवर्मा गुणी, परंतु दण्डनीतीविषयीं उदासीन होता. वसुरक्षित या वृद्ध मंत्र्यानें त्यास उपदेश केला. विहारभद्र नांवाच्या खुषमस्कऱ्यानें त्या उपदेशाची थट्टा उडविली. पुढें अश्मकराजाच्या अमात्याचा पुत्र चन्द्रपालित, स्वदेशांतून घालवून दिल्याचें सोंग करून दरबारांत शिरला आणि मृगया, द्यूत, स्त्रिया व मद्य हे दोष नसून गुणच होत, असें राजास पटवूं लागला. राज्य आंतून पोखरल्यावर अश्मकराज वसन्तभानु यानें वनवासीच्या भानुवर्म्यास चढाई करावयास लाविलें. अनन्तवर्मा कुन्तल, मुरल, ऋषिक, कोंकण व नासिक्य येथील मांडलिकांस घेऊन निघाला. पण क्ष्मातलोर्वशी नांवाच्या नर्तकीवरून कुन्तलपति दुखावलेला होता, इतरांच्याहि मनांत सल होते. वसन्तभानूनें ते सर्व एक केले आणि राजा मारला गेला. मागाहून त्या मांडलिकांत लुटीवरून भांडण लावून वसन्तभानूनेंच सगळें गिळलें. राणी वसुन्धरा मुलगी मञ्जुवादिनी व लहानगा भास्करवर्मा यांस घेऊन माहिष्मतीस सावत्र दिराच्या आश्रयास गेली. तेथें दगा दिसतांच तिनें मुलास दूर धाडिलें, आणि विन्ध्याच्या रानांत एका विहिरीपाशीं तो विश्रुतास भेटला. इतिहासाशीं संबंध जोडला जातो तो येथपर्यंतच्या भागाचा. पुढील विषारी माळेचें व देवीच्या देवळांतील कारस्थान वाचकांच्या करमणुकीसाठीं आहे, आणि ग्रंथहि अखेरीस मध्येंच तुटतो.

पूर्वपक्ष दुबळा करून खोडणें सोपें असतें. तसें न करतां त्यांतील सबळ भाग आधीं मान्य करूं. एक तर, अवन्तिसुन्दरीकथेवरून दण्डीचे पूर्वज आनन्दपुराहून अचलपुरास येऊन राहिले होते असें समजतें, आणि हें अचलपूर वऱ्हाडांतील एलिचपूरच होय असें बहुतेक विद्वान् मानतात. तेव्हां विदर्भांतील एखादी जुनी आठवण या घराण्यांत उरली असणें अशक्य नाहीं. दुसरें, अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यांतील लेखांत अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याचें नांव आदरानें घेतलेलें आहे व तेथें वाकाटकांचा उच्चार नाहीं. १७ व्या लेण्यांतील लेखांतहि अश्मकाचा उल्लेख आहे. यावरून त्या काळीं या डोंगरांत अश्मकांचें वजन होतें एवढें दिसतें. तिसरें, हरिषेणानंतर वत्सगुल्माच्या शाखेचें नांव एकाएकीं बंद पडतें. साम्राज्य मोठें आणि शेवट अचानक, यावरून कांहीं तरी मोठा अनर्थ घडला असावा ही कल्पना मनांत येणें साहजिक आहे. पण अनर्थ घडला असावा येथपासून तो असाच घडला येथपर्यंतचें अंतर बरेंच आहे.

आतां नांवें पाहूं. दण्डीच्या या भागांत दहा-पंधरा राजपुरुषांचीं नांवें आहेत. त्यांपैकीं एकहि कोणत्या वाकाटकाच्या, त्याच्या मंत्र्याच्या किंवा मांडलिकाच्या ज्ञात नांवाशीं जुळत नाहीं. कवीनें नांवें बदललीं असें यावर उत्तर आहे. तें मान्य केलें तरी देशनामें राहतात, आणि तीं बदलण्याचें कवीस कारण नव्हतें. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यांतील लेखांत हरिषेणाच्या संबंधांत कुन्तल, अवन्ति, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आन्ध्र हीं सात नांवें येतात. (लेख तेथें खंडित असल्यामुळें हे देश त्यानें जिंकले, कीं त्यांच्याशीं त्याचा दुसरा कांहीं संबंध होता, हेंहि निश्चयानें सांगतां येत नाहीं.) दण्डीच्या मांडलिकांच्या यादींत यांपैकीं एकटें कुन्तल सांपडतें. नासिक्य म्हणजेच त्रिकूट असें समीकरण मांडलें तर दोन होतात. वत्सगुल्म हें राजधानीचें नांव तर साऱ्या कथेंत नाहीं. पुण्यवर्म्याची राजधानी कोणती हें कवि सांगतच नाहीं.

पुण्यवर्म्यास दण्डी भोजवंशांतला म्हणतो. वाकाटक हे विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण. आपल्या ताम्रपटांतून ते हें गोत्र न चुकतां सांगतात. यावर भोजकट हा वाकाटकांच्या राज्याचा एक प्रांत होता, चम्मकच्या ताम्रपटांत त्याचें नांव आहे, असें समर्थन करतां येईल. परंतु याचें सोपें कारण दुसरेंच आहे. संस्कृत काव्यांत विदर्भाचा राजा म्हटला कीं तो भोज असावयाचाच. इन्दुमतीचा भाऊ भोज, रुक्मिणीच्या भावाचें नगर भोजकट. दण्डीनें विदर्भ घेतला तो काव्यांतला विदर्भ होय, महसुली कागदांतला नव्हे, एवढेंच त्यावरून निघतें.

सगळ्यांत विचार करण्याजोगी गोष्ट मुलाच्या वयाची आहे. विश्रुतास विहिरीपाशीं भेटलेला राजपुत्र सुमारें आठ वर्षांचा आहे. अजिंठ्याच्या लेखांतहि एक आठ वर्षांचा राजा आहे. पण तो हरिषेणाचा नातू नव्हे. दुसऱ्या प्रवरसेनाचा तो पुत्र. आठव्या वर्षीं राज्य मिळून त्यानें तें नीट चालविलें असें लेख सांगतो. झिजलेल्या भागांत त्याचें नांव गेलें आहे, नंतरच्या ताम्रपटांवरून तो दुसरा सर्वसेन मानला जातो, आणि तो हरिषेणाचा आजा लागतो. साम्यावरूनच व्यक्ति ओळखावयाच्या, तर कोरीव लेखांतील या एकमेव आठ वर्षांच्या राजपुत्राकडे पाठ फिरवून, ज्याच्या जन्माचाहि पुरावा नाहीं अशा नातवाकडे कां वळावें? आमचें म्हणणें भास्करवर्मा म्हणजे सर्वसेन असें नाहीं. जी कसोटी एका जागीं लागू करावयाची ती दुसऱ्या जागींहि लागू झाली पाहिजे, एवढेंच.

हीच कसोटी अनन्तवर्म्याच्या चारित्र्यास लावून पाहतां मौजेचा निष्कर्ष हातीं येतो. राज्यभार दुसऱ्यावर टाकून सुखोपभोगांत रमलेला राजा अजिंठ्याच्या लेखांत खरोखरच आहे. तो हरिषेणाचा पुत्र नसून पिता, देवसेन होय. हस्तिभोजासारखा मंत्री लाभल्यामुळें देवसेनानें राज्याची धुरा त्याच्यावर सोंपविली व आपण यथेच्छ भोग भोगले, असें तेथें कोरलेलें आहे; आणि तें निंदा म्हणून नव्हे, स्तुति म्हणून. कोरविणारा कोण? हस्तिभोजाचा पुत्र वराहदेव, जो हरिषेणाचा मंत्री होता आणि ज्यानें तें लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें. घटोत्कच लेण्यांतहि याच वराहदेवानें आपल्या वल्लूर घराण्याची वंशावळ खोदविली आहे. त्याच्या दृष्टीनें राजा विलासांत असणें हें मंत्र्याच्या कर्तबगारीचें प्रमाण. देवसेनाच्या कारकीर्दींत राज्य बुडालें नाहीं, उलट वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा येथें शके ३८० मध्यें, म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमारास, स्वामिल्लदेव नांवाच्या अधिकाऱ्यानें सुदर्शन तलाव बांधविल्याचा लेख आहे. राजा भोगांत आणि राज्यांत तलाव होत आहेत! दण्डीच्या कथेंत नेमकें हेंच वर्तन सर्वनाशाचें मूळ ठरतें. वर्तन एक, लेखण्या दोन. एक लेखणी मंत्रिपुत्राची, दुसरी दण्डनीति पढलेल्या कवीची. अशा स्थितींत विलासी राजा म्हणजे बुडणारें राज्य हें समीकरण इतिहासानें घातलेलें नसून शास्त्रानें घातलेलें आहे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

तर मग विश्रुतचरिताचा इतिहासास उपयोग कोणता? आमच्या मतें पुष्कळ मोठा. पण तो राजघराण्याच्या हकीकतीसाठीं नव्हे, राजदरबारच्या रीतीभातीसाठीं. दण्डी जेथें ताडून पाहतां येतो तेथें तो कसा उतरतो हें पाहावें. कौटिलीय अर्थशास्त्राची छापील प्रत शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केली. तत्पूर्वीं विष्णुगुप्तानें मौर्यासाठीं सहा हजार श्लोकांइतकें दण्डनीतीचें शास्त्र संक्षेपानें रचलें, ही माहिती दण्डीच्या याच उच्छ्वासांत, विहारभद्राच्या तोंडीं, पंडितांच्या डोळ्यांपुढें होती. ग्रंथ सांपडल्यावर पाहतात तों विहारभद्रानें थट्टेसाठीं घेतलेली राजाची दिनचर्या ग्रंथाशीं भागशः जुळली. दिवसाचे आठ भाग व रात्रीचे आठ भाग. पहिल्यांत जमाखर्च, दुसऱ्यांत प्रजेचे तंटे, तिसऱ्यांत स्नानभोजन, चवथ्यांत सुवर्णाचा स्वीकार, पांचव्यांत मंत्र्यांशीं खल, सहाव्यांत मन मानेल तें किंवा पुन्हां खल, सातव्यांत सैन्याची पाहणी, आठव्यांत सेनापतीशीं विचार. कौटिल्यानें अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. विहारभद्र म्हणतो कीं ते आपल्या अकलेनें त्यांचे हजार करतात. अन्न पचेपर्यंत विषाची धास्ती, सहाव्या भागांतली करमणुकीची वेळ घटकांनीं मोजलेली, आणि असें सगळें करणाऱ्या राजानें सुखानें जेवावें केव्हां व झोंपावें केव्हां, असा त्याचा सवाल. संस्कृतच्या वर्गांत एरव्हीं पेंगणारीं मुलें या भाषणाला हटकून जागीं होतात. खुषमस्कऱ्याचा युक्तिवाद इतका खरा उतरण्याचें कारण उघड आहे: दण्डीनें अशीं माणसें दरबारांत पाहिलीं होतीं. तो दरबार कांचीचा होता. पण दण्डनीतीचें शास्त्र, त्या शास्त्राचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्याचें भांडवल करणारा आश्रित, हें त्रिकूट वत्सगुल्मांतहि नव्हतें असें कोण म्हणेल?

वत्सगुल्माच्या दरबाराविषयीं थेट बोलणारीं साधनें थोडीं आहेत, परंतु अगदींच नाहींत असें नव्हे. वात्स्यायनानें कामसूत्रांत निरनिराळ्या देशांच्या राजांचे चाल-रिवाज सांगतांना वात्सगुल्मकांचा व वैदर्भांचा वेगळा उल्लेख केला आहे. वत्सगुल्मांत महामात्रांच्या अंतःपुरांतील स्त्रिया रात्रीं सेवेच्या निमित्तानें राजाकडे जात. विदर्भांत राजाच्या अंतःपुरांतील स्त्रिया रूपवती जानपद स्त्रियांस प्रीतीच्या मिषानें महिना-पंधरा दिवस ठेवून घेत. प्रजेच्या हिताची चाड असणाऱ्या राजानें असें करूं नये, हेंहि त्यानें शेवटीं सांगितलें आहे. हें कोणत्या राजाच्या वेळचें तें त्यावरून ठरत नाहीं. तथापि कुन्तलपतीच्या नर्तकीचा प्रसंग लिहितांना दण्डीस वाकाटकांच्या खास इतिहासाची गरज नव्हती, हें मात्र ठरतें; असे प्रसंग शास्त्रग्रंथांत जातिवार नोंदलेले होते.

याच दरबाराचा दुसरा, अधिक गोड पैलू म्हणजे प्राकृत काव्य. सर्वसेनाचें हरिविजय उपलब्ध नाहीं. आनन्दवर्धनादि आलंकारिकांनीं त्याचा केलेला उल्लेख व उतारे एवढ्यावरच तें आपणांस माहीत आहे. वैदर्भी रीतीस राजशेखर वच्छोमी म्हणतो, तें नांव वत्सगुल्मावरूनच पडलेलें. वाशिमच्या ताम्रपटांतहि वंशवर्णन संस्कृतांत आणि दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. नांदेडकडील नान्दिकडाच्या उत्तर मार्गावरील एक गांव विन्ध्यशक्तीनें आपल्या ३७ व्या राज्यवर्षीं आथर्वण ब्राह्मणांस दिलें, तो हा लेख. पूर्वज सांगावयाचे ते देववाणींत, आणि कारकुनी चालावयाची ती लोकवाणींत, असा तो व्यवहार दिसतो. आणि राज्यकर्त्यांची सावधगिरी पाहावयाची तर थोरल्या शाखेच्या प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट उघडावा. हजार ब्राह्मणांस आठ हजार भूमि दिल्या. पण राज्याशीं द्रोह, चोरी, परदारागमन, राजाविरुद्ध शस्त्र धरणें असें कांहीं त्यांनीं केलें नाहीं तरच हें दान चालेल, अशा अटी स्वच्छ घातल्या आहेत. धर्मदानाच्या पत्रांत अशी भाषा येते तेव्हां दरबारांत कोणती भीति वावरत होती, हें एका ओळींत समजतें. आठ उच्छ्वासांच्या कथेपेक्षां ही ओळ आम्हांस अधिक मोलाची वाटते.

राजदरबाराचा इतिहास कथेंतून, प्रशस्तींतून कीं बखरींतून घ्यावा हा प्रश्न केवळ आपल्याकडचाच नाहीं. वराहदेव अजिंठ्यास लेणें खोदवीत होता त्याच सुमारास, इ. स. ४६० पासून, उत्तर चीनमध्यें पिंगचेंग राजधानीजवळ युनकांग येथें थान-याओ नांवाच्या भिक्षूच्या देखरेखीखालीं डोंगर कोरून बुद्धाच्या प्रचंड मूर्ति घडविल्या जात होत्या. करविणारें राजघराणें शियेनबेई जमातीचें तोबा घराणें. त्याच्या राज्यास उत्तर वेई म्हणतात. पहिल्या पांच लेण्यांतील मूर्ति म्हणजे त्या घराण्याचे पांच सम्राट् असें तिकडील विद्वान् समजतात. या दरबाराचीहि कहाणी विलास, कारस्थान व राण्यांचें शासन यांनीं भरलेली आहे. युवराज ठरलेल्या मुलाच्या आईस ठार करण्याची तेथें रूढि होती, आणि असें असूनहि फेंग नांवाच्या राजमातेनें ४९० पर्यंत सर्व सत्ता हातांत ठेविली. (आमच्या प्रभावतीगुप्तेनें मुलाच्या वतीनें राज्य केलें तें असल्या धास्तीवांचून, एवढ्यापुरतें वऱ्हाड बरें म्हणावयाचें.) तिच्या मागें श्याओ-वेन सम्राटानें ४९४ सालीं राजधानी लोयांगास नेली, दरबारांत स्वतःच्या जमातीच्या भाषेस व वेषास बंदी केली आणि कुलनामहि बदललें.

या घराण्याचा राजमान्य इतिहास आहे: वेइ शोउ यानें ५५४ सालीं पुरा केलेला, शंभरांहून अधिक भागांचा. पण प्रसिद्ध होतांच त्याच्याविरुद्ध एवढी ओरड झाली कीं त्यास विटाळलेला इतिहास असें नांव पडलें. आपल्या पूर्वजांस न्याय मिळाला नाहीं अशी थोर घराण्यांची तक्रार होती. त्याच्याहि आधीं त्सुइ हाओ या मंत्र्यानें राजघराण्याचा इतिहास शिळांवर कोरवून रस्त्यावर उभा केला. त्यांतला मजकूर राज्यकर्त्या जमातीस झोंबला, आणि ४५० सालीं तो मंत्री कुळासकट मारला गेला. हा दाखला देण्याचें कारण असें कीं, जेथें दरबारचा इतिहास शेंकडों भागांत लिहिलेला आहे तेथेंहि अभ्यासक तो जसाच्या तसा घेत नाहींत. राजाज्ञा, समाधींतील लेख व लेण्यांतील नोंदी यांशीं ताडून मगच घेतात. आपल्यापाशीं अशी बखर नाहीं. आहे तो मंत्रिपुत्रानें शिळेवर कोरलेला स्तुतिपाठ आणि परदेशस्थ कवीची अपुरी कथा. मंत्रिपुत्राचें डोकें धडावर राहिलें, यावरूनच त्यानें काय काय गाळलें असेल याचा अंदाज करावा. परंतु गाळलेल्या जागा कथेनें भराव्या याला तें कारण होत नाहीं.

आतां हस्तलिखितांचा संग्रह करणारांस जो प्रश्न प्रत्यक्ष हातीं घेतां येईल त्याकडे वळूं. स्पिंक यांच्या मांडणींत ऋषिक देशास फार महत्त्व आहे. १७ व्या लेण्याचा दाता तेथील मांडलिक असें ते धरतात. १७ व्या लेण्यांतील लेखांत त्या राजांची वंशावळ आहे, रविसांब या अकालीं वारलेल्या राजपुत्राचा शोक आहे, परंतु त्यांच्या देशाचें नांव वाचतां येत नाहीं. तें ऋषिक असावें हा तर्क आहे, आणि त्या तर्कास दण्डीच्या मांडलिकांच्या यादीचा आधार दिला जातो. बरें, दण्डीच्या यादींत तरी ऋषिक आहे काय? छापील प्रतींत त्या जागीं ‘ऋचीक’ असाहि पाठ आढळतो, आणि ऋषिक ही देशनाम ओळखीचें असल्यामुळें केलेली दुरुस्ती आहे. दुरुस्ती बरोबर असण्याचा संभव आहे, आम्ही तो नाकारीत नाहीं. पण लेण्यांतला तर्क कथेवर आणि कथेंतला पाठ देशनामाच्या ओळखीवर, असें हें एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभें राहणें आहे. ‘च’ आणि ‘ष’ या दोन अक्षरांच्या फरकावर अजिंठ्याच्या एका लेण्याचें पितृत्व अवलंबून आहे.

दशकुमारचरिताची मुंबई संस्कृत मालेंतील आवृत्ति पूर्वार्धापुरती बूलर यांनीं १८७३ सालीं व उत्तरार्धापुरती पीटर्सन यांनीं १८९१ सालीं काढली. पुढें आगाशे यांनीं ती सुधारून घेतली. आठवा उच्छ्वास उत्तरार्धांत येतो. अजिंठ्याचा लेख ज्यांनीं वाचला त्या बूलर यांच्याच हातून हा उच्छ्वास संपादिला गेला असता तर कदाचित् या स्थळाकडे त्यांचें लक्ष वेगळ्या रीतीनें गेलें असतें. पण तसें व्हावयाचें नव्हतें. ग्रंथाच्या पूर्वपीठिका व उत्तरपीठिका दण्डीच्या नव्हेत, पोथ्यापोथ्यांत त्या निरनिराळ्या आहेत, हें सर्वांस माहीत आहे, आणि त्यामुळें या ग्रंथाच्या पोथ्यांकडे पाहणारांचें लक्ष प्रायः त्या पीठिकांकडेच जातें. मधला भाग एकसारखाच असेल असें समजून तो उलगडूनहि पाहिला जात नाहीं.

आमची विनंति इतकीच आहे. ज्यांच्या घरीं अथवा संग्रहीं या ग्रंथाची पोथी असेल, मग ती खंडित असो वा टीकेसह असो, त्यांनीं आठव्या उच्छ्वासांतील मांडलिकांची यादी असलेलें एक वाक्य जसेंच्या तसें उतरून घ्यावें. कुन्तलपति अवन्तिदेवापासून नागपालापर्यंतचीं पांचहि देशनामें, शंका असेल तेथें अक्षराचें वळण रेखून, काना-मात्रेची मनानें दुरुस्ती न करतां द्यावीं. पोथीचा शक, लेखकाचें गांव व लिपि समाप्तींत दिली असल्यास तीहि कळवावी. टीका असल्यास टीकाकारानें ऋचीक या शब्दाचा अर्थ देश म्हणून केला आहे कीं कुलनाम म्हणून, हें विशेषेंकरून पाहावें. कारण टीकाकारासमोरचा पाठ पुष्कळदां मुळाच्या पोथीपेक्षां जुना असतो. असे उतारे या त्रैमासिकाकडे आले म्हणजे ते पाठभेदांसह एकत्र छापतां येतील, आणि मग १७ व्या लेण्याचा दाता कोण याची चर्चा निदान वाचलेल्या अक्षरावर करतां येईल.